रंग दुकानात नको, भिंतीवर निवडा

पोळा झाला की देवळीत घराघरांत रंगाचा विषय निघतो. पाऊस अजून गेलेला नसतो, शेतात सोयाबीन उभं असतं, पण दिवाळीआधी भिंती व्हायलाच हव्यात हे ठरलेलं असतं. कुणाकडे तुळशीच्या लग्नानंतर कार्य असतं, कुणाचं घरकुल नुकतंच पूर्ण झालेलं असतं, कुणी कवेलूचं जुनं घर उतरवून स्लॅब टाकलेला असतो. मग दुकानातून शेड कार्ड घरी येतं. भडक रंग कुणालाच नको असतात. 'पांढऱ्यातलंच काहीतरी घेऊ' यावर सगळ्यांचं एकमत होतं आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. कारण कार्डावर पांढऱ्यातले चौकोन ओळीनं मांडलेले असतात. कुणी आयव्हरी, कुणी क्रीम, कुणी मोतिया, कुणाला नुसताच एक नंबर. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळे सारखेच वाटतात. शेवटी कंटाळून एकावर बोट ठेवलं जातं, डबे येतात, पेंटर दोन हात मारून जातो आणि सामान जागेवर लावल्यावर लक्षात येतं की बैठक पिवळी झाली आहे, किंवा झोपायची खोली चक्क गुलाबी दिसते आहे.

रंगाचे पैसे गेले त्याहून मजुरीचे जास्त गेले. पुन्हा रंगवायची ताकद नसते. मग पुढची सहा-सात वर्षं घरातली माणसं त्या भिंतीकडे बघत राहतात. हे टाळता येतं आणि त्यासाठी जास्त खर्चही लागत नाही. म्हणून ही विनंती करतो आहे: पांढऱ्यातला रंग कार्डावरून ठरवू नका, मोबाइलवर आलेल्या फोटोवरून तर नकोच. आपल्या भिंतीवर, आपल्या उजेडात, आपल्या फरशीशेजारी बघूनच ठरवा. दोन-तीन दिवस लागतील, पण ते दिवस वाया जाणार नाहीत.

सारखे दिसणारे रंग सारखे का नसतात

डब्यात काय असतं ते आधी समजून घेऊ. भिंतीच्या रंगाला पांढरेपणा येतो तो मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइड नावाच्या भुकटीमुळे. ती ज्या इल्मेनाइट वाळूपासून करतात ती वाळू केरळच्या किनाऱ्यावर सापडते, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही सापडते. ही भुकटी, चिकटून राहणारं रेझिन, पाणी आणि थोडी इतर द्रव्यं मिळून पांढरा बेस तयार होतो. दुकानातलं मशीन त्या बेसमध्ये रंगद्रव्याचे मोजके थेंब सोडतं. पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड, काळा, कधी किंचित हिरवा किंवा निळा. डबा हलवून झाला की ऑफ व्हाईट तयार.

थेंब इतके थोडे असतात की एकटा चौकोन पाहिला तर कळतच नाही. पण कोणता थेंब वरचढ आहे त्यावर त्या पांढऱ्याचं घराणं ठरतं. पिवळा वरचढ असेल तर क्रीम आणि आयव्हरीकडचा. लाल मिसळला असेल तर गुलाबी झाकेचा. काळ्याचा अंश असेल तर राखाडी. पिवळ्यासोबत काळा किंवा हिरवा आला की हिरवट. कार्डावर नाव काहीही असो, पांढऱ्यातले बहुतेक रंग या चार घराण्यांतच बसतात. आपल्याला चाळीस रंगांतून निवडायचं नसतं. आधी घराणं निवडायचं, मग त्यातला फिका-गडद.

कापूस पिकवणाऱ्या मुलखाला हे समजावून सांगायला नको. सीतादही करून वेचलेला पहिल्या वेचणीचा कापूस आणि शेवटी शेवटी निघालेली कवडी, दोन्ही आपण पांढरेच म्हणतो. नुसती कवडी ओंजळीत घेतली तर ती पांढरीच वाटते. शेजारी पहिल्या वेचणीचा कापूस ठेवला की तिचा पिवळेपणा लगेच उघडा पडतो. जिनिंगमध्ये कापूस बघणारा माणूस हेच करतो. भिंतीच्या रंगालाही हीच परीक्षा लावा. घरी एक कोरा पांढरा कागद घ्या आणि कार्डावरचा चौकोन त्याच्याशेजारी धरा. पांढऱ्या कागदाजवळ गेल्यावर तो चौकोन पिवळा, गुलाबी, राखाडी की हिरवट, ते दिसतं. दुसरी खूण कार्डावरच असते. बऱ्याच कार्डांवर एका पट्टीत फिक्यापासून गडदापर्यंत त्याच जातीचे रंग असतात. पट्टीतला सगळ्यात गडद रंग बघा. तो बदामी असेल तर वरचा पांढराही बदामीच्या पोटातला आहे, तो शेवाळी असेल तर वरचा पांढराही भिंतीवर हिरवट दिसण्याची शक्यता मोठी.

आपल्या आज्यांना हे हिशेब चांगले ठाऊक होते. चुना भिजवला की त्यात थोडी नीळ टाकायच्या. नुसता चुना किंचित पिवळसर दिसतो आणि निळ्याचा अंश तो पिवळेपणा मारून भिंत जास्त पांढरी भासवतो. नीळ जास्त पडली की भिंत निळी दिसते, म्हणून आधी कोपऱ्यात एक हात फिरवून, वाळू देऊन बघायच्या आणि मगच पुढची भिंत पोतायच्या. त्यांनी शेड कार्ड कधी पाहिलं नव्हतं. त्या भिंतीवर बघून ठरवत होत्या आणि तीच पद्धत आजही बरोबर आहे.

शेजारी काय आहे ते बघा

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गोबेलां या गालिचे आणि भिंतीवरची चित्रवस्त्रं विणणाऱ्या सरकारी कारखान्यात मिशेल शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचा प्रमुख होता. काही काळ्या सुतांबद्दल तक्रार आली की काळा रंग पुरेसा काळा दिसत नाही. त्यानं रंग तपासला, तर रंगात काही दोष नव्हता. विणकामात त्या सुताशेजारी जे रंग येत होते त्यांच्यामुळे काळा फिका दिसत होता. त्यानं पुढं अनेक वर्षं यावर काम केलं आणि १८३९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्यातली मुख्य गोष्ट अशी की डोळा कोणताही रंग एकटा पाहत नाही, शेजारच्या रंगाबरोबरच पाहतो. शेजारी हिरवा असेल तर मधला फिका रंग लालीकडे झुकलेला वाटतो, शेजारी पिवळा असेल तर निळसर वाटतो. फिक्या रंगांत हा परिणाम फार जाणवतो, कारण त्यांचा स्वतःचा रंग कमी असतो.

म्हणून रंग निवडण्याआधी घरात काय बदलणार नाही त्याची यादी करा. पडदे बदलतील, गादीच्या खोळी बदलतील, सोफाही बदलेल. पण फरशी, खिडक्या-दारं आणि ओटा यांना आपण वर्षानुवर्षं हात लावत नाही. भिंत त्यांच्याशी जुळली पाहिजे.

कोटा फरशी असेल तर ती हिरवट राखाडी असते. तिच्याशेजारी गुलाबी झाकेचा पांढरा जास्तच गुलाबी दिसतो. तिथं किंचित पिवळा किंवा साधा राखाडी पांढरा बसतो. फिक्या क्रीम टाइल्स असतील तर निळसर, पांढऱ्याशुभ्र भिंतीमुळे त्या टाइल्स मळक्या वाटायला लागतात. तिथं टाइल्सच्याच घराण्यातला, पण त्यांच्यापेक्षा फिका क्रीम घ्या. सागवानी दारं पॉलिश करून ठेवली असतील तर पिवळ्या किंवा गुलाबी अंशाचा पांढरा त्यांना शोभतो, राखाडी पांढऱ्याशेजारी तेच लाकूड नारिंगी वाटू शकतं. पांढऱ्या-राखाडी टाइल्स आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्या असतील तर राखाडी अंशाचा पांढरा घ्यायला हरकत नाही.

घराबाहेरचंही बघा. खिडकीसमोर मोठा कडुनिंब असेल तर पानांवरून येणारा उजेडच हिरवट असतो. अशा खोलीत हिरवट पांढरा लावला की भिंत आजारी दिसते. थोडी ऊब असलेला पांढरा तिथं बरा. शेजाऱ्याची विटेची किंवा लाल रंगाची भिंत समोर असेल तर दुपारी तिची लाली तुमच्या भिंतीवर येते, म्हणून तिथं गुलाबी झाकेचा रंग टाळा.

आपला उजेड आपलाच आहे

रंगाविषयी जे सल्ले सध्या फिरतात त्यातले बरेचसे थंड देशांसाठी लिहिलेले आहेत. उत्तरेकडची खोली थंड आणि उदास असते म्हणून तिला पिवळसर रंग द्या, असं त्यांत असतं. लंडन साडेएक्कावन्न अंशांवर आहे. तिथं सूर्य कधी डोक्यावर येतच नाही आणि हिवाळ्यात तो जेमतेम क्षितिजावर चढतो. देवळी साडेवीस अंशांच्या थोडी वर आहे. आपल्याकडे मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मग जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारी तो आपल्या उत्तरेला असतो. त्या काळात उत्तरेच्या भिंतीवरही ऊन पडतं. उलट डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला निम्म्या आकाशापर्यंतच चढतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतपर्यंत येतं.

याचा अर्थ असा की उत्तरेकडच्या खोलीला आपल्याकडे पिवळा रंग देऊन ऊब आणायची गरज नसते. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तीच खोली घरातली सगळ्यात बरी असते, तिथं साधा किंवा किंचित राखाडी पांढरा डोळ्याला शांत वाटतो. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी चार-पाचनंतर पिवळं ऊन शिरतं आणि क्रीम भिंत त्यात अजून पिवळी होते. तिथं पिवळ्याचा अंश कमी ठेवा. पूर्वेच्या खोलीत सकाळी रंग उबदार दिसतो आणि दुपारनंतर उतरतो, म्हणून ती दोन्ही वेळा बघावी लागते. ओसरीत किंवा खिडकीसमोरच्या भिंतीवर भरपूर उजेड असला की रंग उडाल्यासारखा फिका दिसतो, तिथं कार्डावर थोडा गडद वाटणारा पांढराही चालतो. आतल्या कोंदट खोलीत उलटं होतं. चारही भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात, कोपरे दाट दिसतात, आणि कार्डावर आवडलेला रंग एक पायरी गडद वाटतो. तिथं त्याच पट्टीतला वरचा, जास्त फिका रंग घ्या.

उजेड भिंतीला काय देतो हे बघायचं असेल तर लांब जायला नको. वर्ध्यापलीकडे सेवाग्रामला बापूकुटी आहे. १९३६ मध्ये गांधीजी तिथं राहायला आले तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. माती, बांबू आणि कवेलू अशा आसपासच्या वस्तूंमधून तिथल्या कुट्या बांधल्या गेल्या. मीराबेननी कुटीच्या भिंतीवर झाडं आणि चरखा मातीतच उठवले आहेत. ते डोळ्यांना दिसतात ते बाजूनं पडणाऱ्या उजेडामुळे आणि त्या उठावाच्या सावलीमुळे. पुढच्या वेळी कुणा पाहुण्याला घेऊन गेलात तर भिंतीजवळ थोडं थांबा. उतरत्या छपरामुळे बाहेरचं प्रखर ऊन थेट आत येत नाही, जमिनीवरून उसळून मऊ होऊन येतं. आपल्या घरात अशी छपरं नाहीत, सरळ भिंतीत मोठ्या काचा आहेत. मग डोळ्यांना त्रास न होणारा पांढरा निवडण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

रात्रीचा उजेड वेगळाच. एलईडी दिव्याच्या खोक्यावर ३०००, ४००० किंवा ६५०० असा आकडा आणि पुढं 'के' हे अक्षर लिहिलेलं असतं. ३००० चा दिवा पिवळसर, ६५०० चा निळसर पांढरा, ४००० चा मधला. आपल्याकडे बहुतेक घरांत ६५०० चे दिवे असतात. त्यांच्याखाली दिवसा सुंदर दिसणारा क्रीम रात्री फिका, कधी हिरवट वाटू शकतो. भिंत तशीच ठेवून नुसता दिवा बदलला तरी खोली बदलते. म्हणून रंग न आवडल्यास पुन्हा रंगवायच्या आधी ४००० चा दिवा लावून बघा. खर्च थोडा आहे आणि कित्येकदा तेवढ्यानं काम होतं.

नमुना कसा करायचा

घराणं ठरलं की त्यातले दोनच रंग घ्या, फार तर तीन. दुकानात नमुन्याचा लहान डबा मिळतो का ते विचारा. नसेल तर एक लिटर घ्या. उरलेला रंग कोठीच्या खोलीला किंवा माळ्यावर कामी येतो.

पेंटर बहुधा जुन्या भिंतीवरच एक हात फिरवून दाखवतो. त्यावरून ठरवू नका. जुनी भिंत निळी किंवा पोपटी असेल तर तिच्या शेजारी नवा पांढरा खोटाच दिसणार, शेव्हरलला सुतात दिसलं तेच इथंही होतं. त्यापेक्षा दोन फूट लांब-रुंद हार्डबोर्ड किंवा जाड पुठ्ठा घ्या. त्यावर पांढरा प्रायमर आणि मग रंगाचे दोन हात द्या, कडेनं चार बोटं प्रायमर तसाच ठेवा. एक दिवस वाळू द्या. ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळे असतात, इमल्शन वाळल्यावर बहुधा थोडं गडद होतं.

मग तो पुठ्ठा भिंतीला टेकवून उभा ठेवा, आडवा जमिनीवर नको. आधी खिडकीच्या भिंतीवर, मग तिच्या समोरच्या भिंतीवर, मग कोपऱ्यात. खाली फरशी दिसली पाहिजे, बाजूला दाराची चौकट दिसली पाहिजे. सकाळी बघा, दुपारी बघा, दिवे लागल्यावर बघा. ढगाळ दिवस असेल तर दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर पुन्हा बघा. फोटो काढून त्यावरून ठरवू नका. मोबाइल स्वतःच्या हिशेबानं पांढरा रंग ठरवतो, एकच भिंत दोन फोटोंत दोन रंगांची येते. पुण्याच्या भाच्यानं पाठवलेला त्याच्या फ्लॅटचा फोटो छान असेल, पण त्याची खिडकी, त्याचा दिवा आणि त्याची फरशी तुमच्याकडे नाही.

प्रत्येक खोली ज्या वेळी वापरात असते त्या वेळच्या उजेडाला जास्त मान द्या. झोपायची खोली रात्री बघून ठरवा. स्वयंपाकघर सकाळी आणि दिवे लागल्यावर. बैठक दिवसा.

काही कार्डांवर एलआरव्ही असा एक आकडा असतो. भिंत किती उजेड परत फेकते ते तो सांगतो. शून्य म्हणजे पूर्ण काळा, शंभर म्हणजे पूर्ण पांढरा. ग्रामीण आवास योजनेतलं घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचं असतं आणि खोलीला बहुधा एकच खिडकी असते. अशा घराला ८० च्या वरचा रंग घ्या आणि सगळ्या खोल्यांना तोच लावा. एकच रंग सलग गेला की घर मोठं वाटतं आणि उरलेला रंगही वाया जात नाही. रस्त्याकडची, दिवसभर उन्हाचं तोंड असलेली बैठक असेल तर सत्तरीतला रंग डोळ्यांना सोसवतो.

निवड कुणी करायची

डबे आणायला घरातला पुरुष जातो आणि बहुधा तोच तिथं उभ्या उभ्या रंग ठरवून टाकतो. त्याला माझं मनापासून सांगणं आहे की तुम्ही सकाळी शेतावर, दुकानावर किंवा ड्युटीवर जाता. त्या भिंतींमध्ये दिवस काढते ती तुमची बायको, तुमची आई, अंथरुणाला खिळलेले वडील. पुठ्ठा त्यांच्यासमोर ठेवा. दुपारी त्या खोलीत कसं वाटतं हे त्यांनाच माहीत असतं. त्यांनी एकदा 'हा नको' म्हटलं तर तो रंग बाजूला ठेवा.

घरात म्हातारी माणसं असतील तर आणखी एक काळजी घ्या. मोतीबिंदू वाढताना डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, धूसर दिसतं, फिक्या रंगांतला फरक कळत नाही. पांढरी भिंत, पांढरी चौकट, पांढरा स्विचबोर्ड असं सगळं एकसारखं असेल तर त्यांना दार कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते हे चाचपडावं लागतं. भिंत पांढरी ठेवा, पण चौकटी, पायऱ्यांच्या कडा आणि न्हाणीचं दार ठळक, गडद रंगाचं ठेवा. यासाठी वेगळा खर्च नाही. एवढ्या एका गोष्टीनं कुणाचं तरी पडणं टळू शकतं.

रंगाकडून भलतं काम मागू नका

पांढऱ्यातला कोणताही रंग ओल झाकत नाही. भिंतीला लोणा लागला असेल, पोपडे सुटत असतील तर आधी पाणी कुठून येतं ते शोधा. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यानं पाया हलतो आणि भिंतींना तडे जातात. तडे नीट भरल्याशिवाय वर रंग दिला तर पुढच्या उन्हाळ्यात फिक्या भिंतीवर ती रेघ आधीपेक्षा ठळक दिसेल. नवं प्लास्टर असेल तर पाणी मारून झाल्यावर ते किमान महिनाभर सुकू द्या. भिंत पावसाळ्यात ओल धरते, म्हणून नमुने आता करून ठेवा आणि प्रत्यक्ष काम पाऊस जाऊन भिंती कोरड्या झाल्यावर घ्या. दसऱ्यानंतर सगळेच पेंटर अडकलेले असतात, त्यामुळे दिवस आजच सांगून ठेवा.

जुन्या घराच्या भिंतीवर चुन्याचे किंवा पांढऱ्या मातीचे थर असतील तर ते खरवडून काढावे लागतात. इमल्शन चुन्याच्या भुकटीवर चिकटत नाही, चुन्यासकट गळून पडतं. दारं-खिडक्यांचा जुना ऑइलपेंट घासताना तो ओला करून घासा आणि मुलांना लांब ठेवा. घरगुती रंगांत शिसं दहा लाखांत ९० भागांहून जास्त नसावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत ते जास्त असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार वाईट.

उन्हाळ्यासाठी म्हणून एक ऑफ व्हाईट सोडून दुसरा घेण्यातही अर्थ नाही. फिका रंग गडदापेक्षा कमी तापतो हे खरं, पण पांढऱ्यातल्या दोन रंगांमध्ये उष्णतेचा फरक नगण्य असतो. दुपारभर तापतो तो स्लॅब. तो वरून पांढरा करा, चुन्यानं करा नाहीतर ऊन परतवणाऱ्या रंगानं. शेजारच्या तेलंगणानं २०२३ मध्ये अशा थंड छपरांसाठी वेगळं धोरणच केलं. घर थंड हवं असेल तर पैसे तिथं घाला.

बाहेरच्या भिंतीला पांढराशुभ्र रंग देऊ नका. दुपारी त्याची झळ डोळ्यांना लागते आणि रस्त्याची धूळ चार महिन्यांत दिसायला लागते. राखाडी किंवा मातकट अंशाचा पांढरा जास्त टिकतो. पावसात काळ्या मातीचे शिंतोडे जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत उडतात. जुन्या घरांना खाली गेरूचा किंवा काळा पट्टा असायचा तो याचसाठी. नव्या घरालाही तो पट्टा द्या.

डबे घेताना

हिशेब सोपा आहे. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट, तर चार भिंती मिळून ४४० चौरस फूट. दार-खिडकी वजा जाता सुमारे ३९० उरतात. आतल्या भिंतीच्या इमल्शनचा एक लिटर दोन हातांना साधारण शंभर ते दीडशे चौरस फूट पुरतो, नेमकं डब्यावर लिहिलेलं असतं. म्हणजे चार लिटरचा डबा एका खोलीच्या भिंतींना बहुधा पुरतो. छत वेगळं धरा.

लागणारा सगळा रंग एकाच दिवशी, एकाच मशीनवरून, एकाच बॅचच्या बेसमध्ये करून घ्या. एका खोलीचे डबे मोठ्या बादलीत एकत्र करायला पेंटरला सांगा. फिक्या रंगात दोन डब्यांतला थेंबाचा फरकही भिंतीच्या मधोमध दिसतो. कंपनी, रंगाचा प्रकार, शेडचं नाव, नंबर आणि तारीख घरच्या वहीत लिहून ठेवा. नंबर एकच असला तरी प्रकार बदलला की रंग थोडा बदलतो. पाव लिटर रंग घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. खिळ्याची भोकं बुजवायला आणि मुलांनी भिंतीवर केलेल्या चित्रांवर फिरवायला तो कामी येतो.

आणि एक गोष्ट मनाशी पक्की धरा. घराणं बरोबर निवडलं, फरशी आणि दारांशी जुळवलं आणि घरच्या उजेडात तीन वेळा पाहिलं, तरीही दोन पांढरे सारखेच चांगले वाटत असतील, तर ते दोन्ही चांगलेच आहेत. तिथं आणखी चार दिवस घालवू नका, घरात भांडण तर मुळीच नको. त्यातला जो फिका असेल तो घ्या, कारण फिक्यावर पुढं गडद सहज देता येतो, गडदावर फिका द्यायला जास्त हात लागतात. मग मनात दुसरा विचार न आणता काम सुरू करा.

म्हणून या आठवड्यात एवढंच करा. कार्ड कागदाशेजारी धरून घराणं ठरवा. दोन रंगांचे दोन पुठ्ठे करा. ते तीन दिवस घरात फिरवा. जी माणसं दिवसभर घरात असतात त्यांना विचारा. आणि मगच दुकानात जा.